डावीकडचा ब्रेक

अठ्ठावीस वर्षं मी गाडीत डावीकडं बसतो.
माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक, एक जादा क्लच,
मिरजेच्या हजरत वेल्डरनं बसवलेला;
पेडलचं रबर तीनदा बदललंय.
त्याच्यावर माझं घर चालतं.

एसटीत बसलो तरी उजवा पाय पत्र्यावर दाबतो.
मेव्हण्याच्या गाडीत, रिक्षात,
एकदा तर दातांच्या डॉक्टरकडं, खुर्चीत.
सुमती म्हणते, झोपेतसुद्धा लाथा मारता.
लाथ नव्हे गं, कोणतरी आडवं आलं होतं.

येतंच कोणतरी.
कॉलेज कॉर्नरला उजवा इंडिकेटर लावून डावीकडं वळणारे,
लाल दिव्याला थांबलं की मागनं हॉर्न देणारे,
कान आणि खांद्यात फोन चिमटलेले,
जणू मान मोडूनच जन्माला आलेत.
पंपापर्यंतच जायचंय म्हणून उलट्या बाजूनं येणारे,
आणि वर आपल्याकडंच असं बघतात
की सबंध रस्ता उलटा बांधलाय, तेवढे तेच सरळ.
माधवनगर रस्त्याला रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या,
मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
पुढं मात्र स्पीकर असा की ऊस वरातीला निघालाय.
समोरचा अप्पर मारतो, मग मीपण मारतो.
दोघंही आंधळे, दोघांनाही वाटतं जिंकलो.

कुणी शिकवलं यांना गाडी?
टपरीवर मी मोठ्यानं विचारतो.
गाळणं झटकत शिवलिंग म्हणतो,
‘मगदूम सर, तुम्हीच की ओ.’
हसतात सगळे. मीपण.

एकवीस दिवस, रोज अर्धा तास, असं पाटीवर आहे.
त्यातली दहा मिनिटं पुढच्याला घरातनं उचलण्यात,
पाच गिअरची भीती मोडण्यात.
आरसा कसा बघायचा ते तिसऱ्या दिवशी सांगतो,
चौथ्या दिवशी पोरं त्यात केस बघतात.
घाट शिकवत नाही. पाऊस शिकवत नाही. रात्र तर नाहीच.
थांबायचं कधी, दुसऱ्याला जाऊ कसं द्यायचं,
याचा धडाच नाही.
तेवढं माझा पाय करतो, गुपचूप,
आणि त्यांना वाटतं, गाडी आपण थांबवली.

धैर्यशील ऐनापुरे चार दिवस आला.
पाचव्या दिवशी त्याचा मामा आला, पेढे घेऊन.
‘लायसनचं तेवढं बघा सर. हात बसलाय पोराचा,
बारीक असल्यापासनं ट्रॅक्टर चालवतोय.’
मी फॉर्मवर लिहिलं, एकवीस दिवस पूर्ण.
सही करताना शाई संपली,
दुसरं पेन ड्रॉवरात शोधावं लागलं.
तेवढा वेळ होता मला, नाही म्हणायला.

परवा नातीला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला गेलो.
नवा ड्रायव्हर. खिडकीतनं हात काढून,
‘सर! ओळखलं का?’
ओळखलं.
‘तुमच्यामुळंच कामाला लागलो बघा.’
आत चौदा पोरं, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या,
ऋजुता पुढं, दुसऱ्या पोरीच्या मांडीवर अर्धी,
डावीकडं.
माझ्या जागेवर.
मी विचारलं, आरसा बघतोस ना रे?
‘बघतो की सर,’ म्हणाला,
आणि आरशात बघून भांग नीट केला.

व्हॅन निघाली. इंडिकेटर नाही.
मी कडेला उभा, हातात तिची विसरलेली टोपी,
उजवी चप्पल मातीत रुतेपर्यंत दाबत.
कोपऱ्यावर मागचा लाल दिवा लागला.
क्षणभर वाटलं, मीच थांबवली.
लागला एकच;
दुसरा फुटकाय.